धूर

हिल्लरची पाठ आधी आली माझ्याकडे,
चार मायक्रॉन जाडीची.
माणूस पाहिलाच नव्हता.
कागदावर एवढंच : वय एकसष्ट, मधमाश्या पाळतो,
गाव व्होरूच्याही पलीकडे,
जिथं बस आठवड्यातून तीनदा जाते.

निळा रंग ओतते, थांबते, धुते,
आणि गाठीच्या काठाकाठाने त्या उमटतात,
निळा पिऊन जांभळ्या झालेल्या मास्ट पेशी.
पोटं दाण्यांनी गच्च,
कणग्या फुटायला आल्यासारख्या.
त्या दाण्यांत हिस्टामिन.
तार्तूच्या या खोलीत सव्वीस वर्षं बसतेय मी,
तरी जांभळं दिसलं की मान पुढे जातेच.

एप्रिलमध्ये तो वर आला, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं पेशंट येत नाहीत.
एमायोगी नदीवरचा बर्फ त्याच आठवड्यात फुटला होता.
"माझं जे काय आहे ते बघायचंय," म्हणाला,
आणि टोपी काढून उभा राहिला,
चर्चमध्ये राहतात तसा.

भिंगाशी बसवलं त्याला.
खूप वेळ पाहत होता, पेटीचं झाकण उघडून पाहावं तसं.
मग :
"यात राणी कुठली?"
राणी नसते, म्हटलं.
"नसते? आणि तरी एवढा कारभार?"

मी सांगत गेले. डंख बसतो तेव्हा हेच सांडतं,
बारीक रक्तवाहिन्यांची दारं सैल करतं,
पित्त उठतं, कातडी लाल होते,
म्हणजे शरीर बोंब मारतं : धावा, इकडे.
त्याने हात पुढे केले.
"माझे आता सुजत नाहीत. चाळीस वर्षं झाली.
हातांना सवय झाली.
माश्या चालतात मला. बर्चचं परागच चालत नाही,
मे महिना सगळा गोळ्यांवर."

गाठीपाशीही तेच सांडतं, मी म्हटलं,
पण बोंब होत नाही.
भक्षक पेशी येतात, हिस्टामिन त्यांच्या कानाला लागतं,
आणि त्या जागच्या जागी बसतात.
मारायला आलेल्या पेशी कुंपणाबाहेर तिष्ठत राहतात.
कुंपण शेत खात नाही इथं.
कुंपण नुसतं सांगतं, आत सगळं ठीक आहे.

तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं.
"धूर," म्हणाला.
"तुम्ही धुराचं सांगताय, बाई.
मी पेटीत धूर सोडतो
तेव्हा पहाऱ्यावरच्या माश्यांना धोक्याचा वास लागत नाही.
मी मध काढून नेतो आणि त्यांना वाटतं,
काही झालंच नाही.
आता कुणीतरी माझी पेटी उघडलीय."

यावर मला उत्तर सुचलं नाही.

मग आठवलं, विचारलं :
बर्चची गोळी डॉक्टरांना सांगितलीत?
"ते काय औषध आहे?"
लिहा, म्हटलं. नाव लिहा, कधी घेता ते लिहा.
काही नोंदवह्यांत दिसतं,
सलाईनसोबत ती गोळी घेणारे थोडे जास्त टिकले.
दिसतं. ठरलेलं नाही.
आणि रक्ताच्या एका कर्करोगात
हेच हिस्टामिन औषध म्हणून टोचतात.
"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."
नाही.
त्याने मान हलवली, समाधानाने की काय कोण जाणे,
आणि टोपी घातली.

ऑगस्टमध्ये दुसरी काचपट्टी आली.
सोबत त्याच्या बायकोने, आयलीने, पाठवलेली बरणी,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
आधी पट्टी.
टी पेशी आत होत्या. सगळ्या नाही.
मोजल्या : दोनशे चौदा.
पुन्हा मोजल्या : दोनशे नऊ.
जांभळ्या तशाच, काठाकाठाने,
कुणाच्या बाजूच्या ते न सांगणाऱ्या.

आकडे लिहिले. सही केली.
"धूर" हा शब्द अहवालात बसत नाही.

बरणी खिडकीत आहे अजून.
उघडली नाही.
तळाशी मध दाणेदार होत चाललाय.